शिष्यवृत्ती : हक्क, अमानत आणि प्रतीक्षा

जून-जुलैमध्ये महाविद्यालयांचे प्रवेश होतात, त्यानंतर महाडीबीटीवर अर्ज भरले जातात, आणि मग घराघरांत एक लांबलचक प्रतीक्षा सुरू होते. सातारा, कराड, सांगली, मिरज या गावांतील आपल्या वस्त्यांमध्ये आज असे असंख्य पालक आहेत, ज्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या किंवा मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या पहिल्या वर्षात बसली आहे आणि ज्यांचे डोळे मोबाईलवर येणाऱ्या एका संदेशाकडे लागले आहेत. अर्ज छाननीत आहे. अर्ज त्रुटीसाठी परत आला आहे. अर्ज मंजूर झाला, परंतु रक्कम जमा झालेली नाही. या तीन वाक्यांच्या आत एका कुटुंबाचे संपूर्ण वर्ष निघून जाते.

वाचकहो, या प्रतीक्षेच्या काळात आपण पैशांचा हिशेब पुष्कळ करतो. परंतु हा पैसा कोणाचा आहे, तो मागताना आपण कोणती साक्ष देतो आणि मिळाल्यावर आपल्यावर कोणती जबाबदारी येते, हे प्रश्न क्वचितच विचारतो. इस्लामने मागण्याच्या बाबतीत अत्यंत कडक शिकवण दिली आहे. म्हणूनच आपल्यातील काही स्वाभिमानी माणसे शिष्यवृत्तीचा अर्जच करत नाहीत. "कोणापुढे हात पसरायचा नाही" असे म्हणून ते मुलीचे शिक्षण बारावीवर थांबवतात. दुसरीकडे अशीही माणसे आहेत, ज्यांना "सरकारचाच पैसा आहे, कोण कोणाचे खातो?" असे वाटते आणि उत्पन्नाच्या रकान्यात कोणताही आकडा लिहिताना त्यांचा हात थरथरत नाही. हे दोघेही परस्परांच्या विरुद्ध टोकांना उभे आहेत असे दिसते. वस्तुतः दोघांची गफलत एकच आहे. दोघांनाही हा पैसा भीक वाटतो. एक जण ती नाकारतो, दुसरा ती लुटतो.

या संदर्भात सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली हजरत कबीसा बिन मुखारिक (रजि.) यांची हदीस लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. दोन पक्षांतील तंटा मिटावा म्हणून त्यांनी एक मोठी रक्कम स्वतःच्या अंगावर घेतली होती. ती फेडणे अशक्य झाले तेव्हा ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. प्रेषितांनी (स.) त्यांना फटकारले नाही आणि ताबडतोब रक्कमही दिली नाही. सदक्याचा माल येईपर्यंत थांबावे, तो आला की त्यातून देण्याची व्यवस्था केली जाईल, असे त्यांनी सांगितले. म्हणजे या प्रसंगातही निधी हाती नाही, आश्वासन आहे आणि गरजवंताला थांबायचे आहे. त्या थांबण्याच्या वेळेतच प्रेषितांनी (स.) त्यांना समजावून सांगितले की मागणे केवळ तीन प्रकारच्या माणसांना वैध आहे. तडजोडीसाठी दुसऱ्यांचा भार अंगावर घेणारा. आपत्तीत ज्याची मालमत्ता नष्ट झाली तो. आणि उपासमारीला आलेला असा माणूस, ज्याच्या अवस्थेची साक्ष त्याच्याच लोकांतील तीन समंजस माणसे देतात. निर्वाहाची सोय होईपर्यंत त्यांनी घ्यावे. याच्या पलीकडे जो घेईल, तो हराम खातो.

या हदीसमधील तीन साक्षीदारांवर जरा थांबा. गरज आहे एवढे म्हणणे पुरेसे मानलेले नाही. ती गरज जाणणाऱ्या आणि समज असणाऱ्या माणसांची साक्ष हवी, तीही एकाची नव्हे, तिघांची. आज तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि महाविद्यालयाची पडताळणी या तीन पायऱ्या आपल्याला कटकटीच्या वाटतात. सेतू केंद्रासमोरच्या रांगेत उभे राहून आपण व्यवस्थेला दोष देतो, आणि पुष्कळदा तो दोष रास्तही असतो. परंतु या व्यवस्थेचा मूळ हेतू तोच आहे, जो त्या हदीसमध्ये दिसतो : ज्याचा हक्क आहे त्यालाच मिळावे आणि ज्याचा नाही त्याने त्याच्या ताटात हात घालू नये.

आता "हक्क" हा शब्द. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत राज्यातील लोकांची नावे नोंदवहीत लिहून त्यांना बैतुल-मालमधून ठरावीक रक्कम देण्याची पद्धत सुरू झाली, तिला दीवान म्हणतात. त्या नोंदवहीत नाव असणे ही कोणाला लाज वाटली नाही, कारण सार्वजनिक खजिना हा राज्यकर्त्याचे दान नसून जनतेची ठेव आहे, ही जाणीव त्या समाजात जिवंत होती. आपल्या राज्याचा खजिनाही जनतेच्या कररूपी पैशातून भरतो. मिरजेच्या बाजारात साबणाची वडी विकत घेणारी विधवासुद्धा त्यात भर घालते. तिच्या मुलाने पात्रता असताना शिष्यवृत्ती घेतली, तर त्याने कोणापुढे हात पसरला असे म्हणता येणार नाही. अर्ज करण्यात लाज नाही. खोटा अर्ज करण्यात मात्र त्या विधवेचीच चोरी आहे.

सातारा जिल्ह्यातील वाचकांना यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची, खेड्यापाड्यांतील गरीब मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. ती मुले स्वतः सरपण आणत, स्वयंपाकात राबत, शेतात खपत. बोर्डिंगमधील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रदेखील विकले. पुढे "कमवा आणि शिका" ही योजना याच विचारातून उभी राहिली. त्या बोर्डिंगमधून शिकून गेलेल्या कोणाला आपण भिकेवर वाढलो असे वाटले असेल, असे मला वाटत नाही. मदतीसाठी आलेल्या एका अन्सारी माणसाच्या घरातील चादर आणि वाटी विकून, त्यातून कुऱ्हाड घेऊन देणाऱ्या आणि त्याला लाकडे तोडायला पाठवणाऱ्या प्रेषितांच्या (स.) उम्मतीला हा मार्ग ओळखीचा वाटायला हवा. मदत अशी असावी की तिने घेणाऱ्याचे हात बळकट व्हावेत.

यानंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो टाळून चालणार नाही. उत्पन्नाचा दाखला ज्यांना पगारपत्रक मिळते त्यांच्यासाठी सोपा आहे. आपल्यातील फार मोठा वर्ग रोखीत कमावतो. सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमाली करणारे, मिरजेत तंतुवाद्ये घडवणारे कारागीर, कराडच्या मंडईत फळे विकणारे बागवान, रिक्षा चालवणारे, गॅरेजमध्ये काम करणारे. यांच्यापैकी एखाद्याला "वर्षाचे उत्पन्न किती?" असे विचारले तर तो प्रामाणिकपणेच गोंधळतो.

समजा, एक फळविक्रेता दिवसाला ३,००० रुपयांचा माल विकतो. हा त्याचा गल्ला झाला, उत्पन्न नव्हे. मालाची खरेदी २,३०० रुपये, टेम्पोभाडे, बाजाराची पावती आणि सडून फेकावा लागलेला माल मिळून आणखी ३०० रुपये. हाती उरले ४००. पावसाचे, आजारपणाचे आणि सुट्टीचे दिवस वगळून वर्षात ३०० दिवस धंदा झाला असे धरले, तर १,२०,००० रुपये. हेच त्याचे उत्पन्न. यात घरातील दुसऱ्या कमावत्या माणसाची कमाई, घरभाडे येत असेल तर ते, शेतीचा वाटा असेल तर तोही मिळवायचा. एवढा हिशेब एका वहीत वर्षभर लिहिला, तर दाखल्यासाठी शपथपूर्वक आकडा सांगताना कोणाकडेही पाहावे लागणार नाही. जो गल्ल्यालाच उत्पन्न समजतो तो आपल्या मुलाचा हक्क अज्ञानाने घालवतो. आणि जो एजंटाने सुचवलेला आकडा डोळे मिटून लिहितो तो खोटी साक्ष देतो.

साक्ष हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. पवित्र कुरआनच्या सूरह अन-निसामधील १३५ व्या आयतीत श्रद्धावंतांना न्यायावर ठाम राहून अल्लाहसाठी साक्ष देण्याचा आदेश आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरोधात जात असली तरीही. आपण ही आयत न्यायालयापुरती मर्यादित समजतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी केलेले स्वयंघोषणापत्र हीदेखील साक्षच आहे आणि ती बहुधा स्वतःच्या हिताच्या विरोधात द्यावी लागते.

केंद्र सरकारने सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानंतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा तिची उत्पन्नमर्यादा वार्षिक २ लाख रुपये ठेवली होती. अशा मर्यादेसमोर एक घर उभे आहे असे कल्पा, ज्याचे खरे उत्पन्न २,१०,००० रुपये आहे. दहा हजार रुपयांनी हक्क हुकतो. शेजारी सांगतात, "एक लाख नव्वद लिहा, कोण तपासतो?" मुलगी हुशार आहे आणि वडील नमाजी आहेत. काय करावे?

मी येथे गुळमुळीत उत्तर देणार नाही. लिहू नये. आणि असे सांगताना हेही मान्य केले पाहिजे की या खरेपणाची किंमत त्या घराला खरोखर मोजावी लागते. अल्लाह दुसरा मार्ग काढील हे आपण श्रद्धेने म्हणतो. परंतु तो मार्ग बहुधा दुसऱ्या माणसांच्या हातून निघत असतो आणि ती माणसे तुम्ही-आम्ही आहोत. सरकारची मर्यादा वार्षिक उत्पन्नावर असते, तर जकातीचा निसाब हा गरजा भागून शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर, चांदीच्या हिशेबाने साडेबावन्न तोळ्यांवर, मोजला जातो. ज्या घराचे उत्पन्न २,१०,००० आहे, पण भाडे, औषधपाणी आणि कर्जफेड यांतून शिल्लक काहीच राहत नाही, ते घर सरकारी योजनेत बसत नसले तरी जकातीला पात्र असू शकते. उलट, कमी उत्पन्नाचे एखादे घर दागिन्यांमुळे निसाबच्या वर असेल, तर ते शिष्यवृत्ती घेऊ शकते, जकात नाही. या दोन मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, हे आपल्या जकात वाटणाऱ्या मंडळींपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते. रमजानमध्ये ज्या उत्साहाने शिधावाटप होते, त्याच्या निम्म्या उत्साहानेही महाविद्यालयीन शुल्काचा विचार होत नाही, ही गोष्ट खेदाची आहे.

खोट्या आकड्यांचे परिणाम एका घरापुरते राहत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाच्या तपासणीची माहिती बाहेर आली. तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बनावट किंवा बंद असल्याचे आढळले आणि सुमारे १४४ कोटी रुपयांच्या अपहाराचे प्रकरण सीबीआयकडे गेले. मुले नव्हती, शाळा नव्हत्या, नावे मात्र होती. त्याआधी, २०२२ मध्येच, पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची शिष्यवृत्ती आणि मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने बंद केली होती आणि त्यासाठी सरकारने वेगळी कारणे दिली होती. त्या निर्णयाविरुद्ध बोलण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु ज्यांनी समाजाच्या नावावर खोट्या याद्या भरल्या, त्यांच्याविषयी आपल्या व्यासपीठांवर जे मौन आहे, तेही मला सोसवत नाही.

ओबीसी दाखल्याबद्दलही एक शंका वारंवार विचारली जाते. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. इस्लाम जातिभेद मानत नाही, मग असा दाखला घेणे योग्य आहे काय? ही यादी श्रद्धेतील उच्चनीचता सांगत नाही. पिढीजात व्यवसायामुळे आलेले सामाजिक मागासलेपण नोंदवते. जे वास्तव आहे त्याची नोंद करून घेणे म्हणजे त्यावर श्रद्धा ठेवणे नव्हे. अडचण वेगळीच असते : जुन्या शाळेच्या दाखल्यावर नुसते "मुस्लिम" लिहिलेले असते आणि १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळेच्या नोंदवहीचा उतारा, जुनी जन्ममृत्यूची नोंद यांचा शोध बारावीचा निकाल लागण्याची वाट न पाहता दहावीतच सुरू करावा.

यानंतर, जे मंजूर झाले आहे ते समजून घेणे. येथे आपली फार हानी होते, कारण "योजना" हा एकच शब्द अनुदानालाही वापरला जातो आणि कर्जालाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, शंभर टक्के सवलत मिळाली. हे शंभर टक्के शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचे आहेत. वसतिगृह, खानावळ, पुस्तके आणि एसटीचा पास त्यात नाहीत. प्रवेशही शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला आणि नंतर सवलत मागितली, असे झाले तर पदरी निराशाच येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी ही याउलट कर्जाची योजना आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत मिळते, म्हणजे उरलेले व्याज भरावेच लागते. आपल्या राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्जही अल्प व्याजाचे असले, तरी व्याजाचेच आहे.

अल्प व्याज हेही व्याज आहे. दर कमी झाल्याने रिबाचे स्वरूप बदलत नाही. अगतिकतेच्या परिस्थितीत काय करावे याबद्दल विद्वानांमध्ये मतभेद आहेत आणि प्रत्येकाने आपल्या विश्वासातील आलिमांना आपली संपूर्ण परिस्थिती सांगून विचारावे. माझे म्हणणे एवढेच की, अनुदान समजून कर्जाच्या कागदावर सही करणारा माणूस अगतिक नव्हे, बेसावध आहे. सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : "यातले किती रुपये परत करायचे आहेत?" आणि उत्तर लेखी घ्या. देण्याघेण्याचे व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावेत, साक्षीदार घ्यावेत, लेखकाने लिहिण्यास नकार देऊ नये, हा आदेश पवित्र कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत, सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत, आलेला आहे. जी उम्मत ही आयत तरावीहमध्ये दरवर्षी ऐकते, तिने महाविद्यालयाच्या खिडकीवरून तोंडी आश्वासन घेऊन परतावे, हे शोभत नाही.

आणि प्रतीक्षा? सब्र म्हणजे हात जोडून बसणे, असा अर्थ आपल्या बोलण्यात रुळला आहे. उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण सर्वांना पाठ आहे. शिष्यवृत्तीच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे काय, ते सांगतो. दर आठवड्याला अर्जाची स्थिती पाहणे. त्रुटीसाठी परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त करणे. बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची बँकेत जाऊन खात्री करणे. आणि नाव! दहावीच्या गुणपत्रिकेवर "महंमद", आधारवर "मोहम्मद", बँकेत "मुहम्मद". एकीकडे "मुलाणी", दुसरीकडे "मुलानी". एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. आपल्या मुलांचे अर्ज गरिबी कमी पडल्याने जितके अडत नसतील, तितके या एका मात्रेमुळे अडतात. अकीक्याला नाव ठेवताना जी काळजी घेतली, ती बालवाडीत नाव घालताना घेतली असती तर पुष्कळ धावपळ वाचली असती.

प्रतीक्षेत असलेल्या विद्यार्थ्याशी आपण कसे वागतो, हाही दीनचाच प्रश्न आहे. वर्गात सर्वांसमोर "ज्यांची फी बाकी आहे त्यांनी उभे राहा" असे म्हटले जाते, तेव्हा त्या मुलाला काय वाटत असेल? उपकार सांगून आणि मन दुखावून सदका वाया घालवू नये, असे सूरह अल-बकराच्या २६४ व्या आयतीत बजावले आहे. येथे तर दान दिलेलेही नसते, सरकारी रक्कम यायची असते. आपल्या समाजाने चालवलेल्या संस्थांनी तरी हे टाळावे. घरातही मुलीला रोज "तुझे पैसे आले का?" असे विचारू नये. उशीर तिच्यामुळे झालेला नाही. त्याच सूरहच्या २७३ व्या आयतीत अशा गरजवंतांचे वर्णन आहे, ज्यांच्या संयमामुळे अनोळखी माणसाला ते सधन वाटतात आणि जे कोणाला चिकटून मागत नाहीत. अशी मुले आपल्या मोहल्ल्यात आहेत. इस्त्री केलेला एकच सदरा ती आलटून-पालटून घालतात. त्यांना ओळखणे हे आपले काम आहे.

शेवटी एके दिवशी संदेश येतो आणि रक्कम जमा होते. पुष्कळदा शैक्षणिक वर्ष संपलेले असते, शुल्क कोणीतरी आधीच भरलेले असते, आणि म्हणून ही रक्कम घरात अनपेक्षित लाभासारखी येते. बहिणीचे लग्न तोंडावर असते, पत्रे गळत असतात, मोबाईल जुना झालेला असतो. अशा वेळी हा पैसा कोणाचा? शुल्काची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यावर आली असेल आणि महाविद्यालयाचे देणे बाकी असेल, तर ती महाविद्यालयाची अमानत आहे. खात्यावर विद्यार्थ्याचे नाव आहे म्हणून ती त्याची होत नाही. निर्वाहभत्ता विद्यार्थ्याचा आहे, तो त्याच्या शिक्षणावर खर्च व्हावा. वडिलांनी तो धंद्यात घालायचा असेल तर मुलाच्या संमतीने आणि उसना म्हणून घालावा. आणि शुल्क मामांनी "पैसे आले की दे" असे म्हणून भरले असेल, तर परत आलेली रक्कम प्रथम मामांकडे जाईल, लग्न कितीही जवळ आले असले तरी. मामा "राहू दे" म्हणाले, तर ती त्यांची देणगी. पण ते तसे म्हणेपर्यंत ते कर्ज आहे. या वर्षभरात मामांचे निधन झाले असेल, तर ती रक्कम त्यांच्या वारसांची आहे, आणि ती त्यांना कोणी मागण्यापूर्वी नेऊन द्यायची आहे, कारण भाच्याला पैसे दिल्याचे मामांनी कदाचित घरात कोणालाही सांगितलेले नसेल.